खिडकीपाशी बारा

१२ मार्च १९९२, गुरुवार

झोस्याचा फोन. घर मोजल्याशिवाय बाळाला आणणार नाही म्हणते!

माझ्याकडे फोन नाही. समोरच्या दारी तेक्लाकडे आहे. तेक्ला आमच्याच वेर्बोव्का गावची, माझ्याच बसमधून इथे मिन्स्कला आलेली. रिसीव्हर माझ्या हातात देते आणि बटाटे सोलायचं निमित्त करून तिथेच बसते. हलत नाही.

"ताता, एक छोटं यंत्र घ्या. हातात मावणारं. घरगुती असतात, फार महाग नाहीत. सगळं घर मोजा, एकेक कोपरा. कागदावर लिहून पाठवा. मग आम्ही राहायला येतो."

"अगं, अणुभट्टी जळली ती तिकडे दक्षिणेला. या घरात कुठून येणार रेडिएशन?"

"मोजा ना, ताता. माझ्यासाठी."

एकुलती एक लेक. नात तीन महिन्यांची — उल्याना. झोस्या, तिचा नवरा वादिम आणि बाळ घड्याळांच्या कारखान्याच्या वसतिगृहात राहतात. एक खोली, भिंतीला ओल, अकरा बिऱ्हाडांत एक स्वयंपाकघर. आणि इथे दोन खोल्यांत मी एकटा खोकत बसलेला! पाळण्याची जागासुद्धा मी ठरवून ठेवली आहे — मोठ्या खोलीत, खिडकीखाली, गरम नळ्यांच्या शेजारी. ऊन तिथेच येतं.

फोन ठेवल्यावर तेक्ला बटाट्याला म्हणाली, "दुधाने तोंड पोळलंय. आता ताकसुद्धा मोजून पिणार!"

१३ मार्च

जिरेनियमला दोन कळ्या. स्तेफाला सांगितलं, नात येणार आहे.

१५ मार्च, रविवार

स्टेडियममागच्या जुन्या बाजारात गेलो. इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन यंत्रं होती खरी, इस्त्र्यांच्या शेजारी मांडलेली, पण विकणारी बाई म्हणाली, "ते किंमत वाचून परत जाण्यासाठी आहे, आजोबा." वाचली. परत फिरलो.

बाजारात एक माणूस घोंगडी पसरून बसला होता. सामोवारची तोटी, बुद्धिबळातले सुटे घोडे, आणि मधे ओळीने सात-आठ यंत्रं. साबणाच्या डबीएवढी. सावेली नाव. कारखान्यात इंजिनियर होता, आता कारखानाच बंद.

"हे नुसतं टकटक करतं. हे टकटक करतं आणि आकडाही दाखवतं. हे मोठं सगळं करतं, पण त्याच्या किमतीत गाय येईल. आजोबा, तुम्ही करता काय?"

"पोस्टमन होतो. चौतीस वर्षं. आणि कविता म्हणतो."

"मग टकटकवालं घ्या! ताल तरी मिळेल."

"आकडा पाहिजे. लेकीला लिहून द्यायचाय."

यंत्र चालू आहे हे कशावरून, असं मी विचारलं. माणूस खूश झाला. घोंगडीखालून जुनं गजराचं घड्याळ काढलं, अंधारात काटे चमकतात तसलं, रेडियमचा रंग लावलेलं. यंत्र त्याच्या तोंडाशी नेलं मात्र — टकटकटकटक! जणू छपरावर गारा. बाजूला नेलं, गारा थांबल्या. म्हणाला, विकणाऱ्याकडे असं घड्याळ नसेल तर त्याच्याकडून कधी घेऊ नका.

मग त्याने मला शिकवलं, आणि मी टोपी काढून ऐकलं. यंत्र पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं, म्हणजे त्यालाच धूळ लागत नाही. आधी कमरेच्या उंचीवर, मग जमिनीलगत. एका आकड्यावर भरवसा नाही. पाच वेळा घ्या, मधला धरा. वीसपर्यंत डोक्याला ताप करून घेऊ नका. "आणि एक लक्षात ठेवा — दुधाला, मशरूमला हे काही कळत नाही. खाण्याचं मोजायचं तर सॅनिटरी ऑफिसच्या प्रयोगशाळेत न्या. हे भिंतीचं यंत्र आहे, पोटाचं नाही."

मधलं घेतलं. या महिन्यात सॉसेज नाही! चालेल. ट्रॅममध्ये खिशात हात घालून बसलो होतो. हातात पाखरू असल्यासारखं वाटत होतं.

१६ मार्च

दिवसभर चालू करून नुसता ऐकत बसलो. टक. … टक टक. … टक.

अंतोन काझिमिराविच मास्तर टेबलावर पेन्सिल आपटायचे, अगदी असंच! वेर्बोव्काची शाळा म्हणजे एक खोली, मागे भट्टी, ओल्या बुटांचा वास. मास्तर स्वतः कविता करायचे आणि आमच्याकडून पाठ करून घ्यायचे. पुस्तकं कुठली होती? पेन्सिल आपटली की आम्ही तीसजण एका सुरात —

मुठीत माती, मातीत बी,
बी म्हणे, घरीच मी.
मूठ चालली दूर देशी,
बी विचारी, वाट कशी?

आणखी दोन ओळी होत्या. आठवत नाहीत. साठ वर्षं झाली. स्तेफाला पाठ होत्या, ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. दोन वेण्या, आणि डाव्या वेणीची फीत नेहमी सुटलेली. शेवटच्या दोन ओळी मी तिच्या मानेकडे बघत म्हणायचो, म्हणून राहिल्या असतील.

१९ मार्च

आज पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी. बाहेर गेलो नाही. कुंडीबद्दल लिहितो.

शहाऐंशीच्या मे महिन्यात बस आल्या. तीन दिवसांसाठी चला म्हणाले. कागदपत्रं आणि एक बदलायचा कपडा. लोक कोंबड्यांना तीन दिवसांचे दाणे टाकून निघाले. मी एकटाच असेन ज्याला वाटलं, तीन दिवसांसाठी कुणी गाईला गोळी घालत नाही. पळत कबरस्तानात गेलो. स्तेफाला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. तिच्या उशाची दोन ओंजळी माती घेतली. घरी तिचं जिरेनियम खिडकीत होतं — तिने लावलेलं, अंगणातल्या मातीतलं. त्यातच ती माती दाबली आणि कुंडी कोटाच्या आत धरून बसमध्ये चढलो. गाव सोडणाऱ्याने मूठभर माती न्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. सैन्यात जाणारी पोरंसुद्धा न्यायची. मी जरा जास्त नेली, एवढंच.

सहा वर्षं कुंडी मोठ्या खोलीच्या खिडकीत आहे. रोज तिच्याशी बोलतो. कुणाला सांगितलेलं नाही. झोस्याला वाटतं, फक्त आईचं झाड आहे.

म्हणजे मला असं वाटतं, की झोस्याला असं वाटतं.

२२ मार्च, रविवार

आज घर मोजलं.

दाढी केली, स्वच्छ सदरा घातला. हसू येतं, पण तसंच वाटलं. दारापाशी — अकरा, बारा, बारा, तेरा, बारा. बारा लिहिलं. स्वयंपाकघर अकरा. चुलीमागे बारा. बाथरूम तेरा, तिथल्या फरशीमुळे असेल. माझ्या खाटेखाली बारा. प्रत्येक आकड्याला मी मान डोलावत होतो. बारा, अकरा, बारा! काय सुंदर घर! एकही मात्रा चुकत नाही!

शेवटी खिडकी. जिथे पाळणा येणार.

चौदा. … एकोणीस. मला वाटलं हात हलला. गरम नळ्यांकडे नेलं, अठरा. वर नेलं, सव्वीस. यंत्राने पेन्सिल आपटायचं सोडलं आणि घाई करायला लागलं. जणू वर्गात कुणी खोडी केली आणि मास्तर टेबलावर आपटत आपटत त्याच्या बाकापर्यंत येताहेत.

यंत्र कुंडीच्या काठाला टेकवलं. अठ्ठावन्न.

पाच वेळा घेतलं. सत्तावन्न, साठ, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. मधला धरा म्हणाला होता.

मग खुर्चीवर बसलो. समोर कळ्या उमललेल्या, लाल. किती वेळ बसलो ठाऊक नाही. यंत्र हातात चालूच होतं.

२३ मार्च

यादी स्वच्छ अक्षरात लिहिली. दार १२. स्वयंपाकघर ११. बाथरूम १३. खाट १२. खिडकी —

१२.

पोस्टात टाकून आलो. चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, एकही कधी उघडलं नाही, एकही हरवलं नाही. आज पेटीत खोटं पत्र टाकलं.

२४ मार्च

कुंडी बाल्कनीत ठेवली, जुन्या रजईत गुंडाळून. खिडकी पुन्हा मोजली. बारा. म्हणजे आता ते खरं आहे. मग खोटं कुठे राहिलं?

२९ मार्च, रविवार

तेक्लाकडे फोन.

"यादी मिळाली, ताता." मग — "खिडकीपाशी किती?"

"बारा. लिहिलंय की."

"पुन्हा एकदा मोजाल?"

"मोजलं. बारा."

"बरं." आवाज लहान झाला. "या आठवड्यात जमणार नाही. वादिमला खोकला आहे. बाळाला नको. पुढच्या रविवारी बघू."

तेक्लाने रिसीव्हर घेतला आणि म्हणाली, "यूझिक, तुझं तोंड असं का झालं? बारा हा चांगला आकडा आहे ना?"

३ एप्रिल

अख्ख्या इमारतीला कळलं. तेक्लाने सांगितलं, दुसरं कोण! सकाळपासून दारात रांग. आमच्या जिन्यावर निम्मे लोक तिकडचेच, उठवून आणलेले. कुणी शाल आणते, कुणी पाळण्यातली गादी. एक म्हातारी शेजारीण नवऱ्यालाच घेऊन आली — "याला मोजा, हा रोज तळ्यावर मासे धरतो."

नवरा म्हणाला, "पोस्टमनसाहेब, माझा आकडा मोठा आला तर ही घरातून जाईल का?"

"बारा," मी सांगितलं.

"थोडा वाढवून सांगा ना!"

तेक्ला वाळवलेल्या मशरूमची माळ घेऊन आली. बहिणीने जंगलातून पाठवलेली. यंत्र अकरावर.

"बघ! स्वच्छ! आणि तुम्ही लोक उगाच घाबरता."

मी तिला सावेलीचं सांगितलं — हे भिंतीचं यंत्र आहे, पोटाचं नाही. तिला पटेना. शेवटी मीच चार मशरूम कागदात बांधून सॅनिटरी ऑफिसात नेली. तिथल्या मुलीने निकाल लिहून दिला आणि कचऱ्याची बादली दाखवली. तेव्हापासून तेक्ला बोलत नाही माझ्याशी.

तिचं घरही मोजलं होतं. सगळं बारा, तेरा. देवाच्या तसबिरीच्या कोपऱ्याकडे यंत्र नेलं, तर माझ्या हातावर चापट मारली. "देवाला मोजतोस, मेल्या?"

५ एप्रिल, रविवार

बाबागाडीचं चाक तुटलंय म्हणे. आज नाही जमणार.

"खिडकीपाशी किती, ताता?"

"बारा."

६ एप्रिल

आठवतंय. फेब्रुवारीत एका रविवारी झोस्या आणि वादिम आले होते, बाळाला वसतिगृहात शेजारणीकडे ठेवून. मी दुधाच्या रांगेत होतो, दोन तास. परत आलो तर झोस्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, डोळे लाल. वादिम टोपी हातात फिरवत होता. तेव्हा म्हटलं, भांडले असतील.

हे आज का आठवावं? हल्ली डोक्यात असंच चालतं, एका गल्लीत शिरतो आणि दुसरीतून निघतो.

त्याच्याही आधी, शरद ऋतूत, पोटुशी असताना ती याच खिडकीत बसून टोपडं विणायची. मी कुंडी सरकवून तिच्या कोपराला जागा करून द्यायचो. "राहू द्या ना ताता, आईला माझ्याजवळ." असं म्हणायची.

असं म्हणायची! आणि मी हसायचो.

१२ एप्रिल, रविवार

आज मात्र येण्याबद्दल बोलली. मन भरून आलं. म्हणाली, "दुपारी तिला बाल्कनीत झोपवू. मोकळ्या हवेत मुलं छान झोपतात."

इथे सगळेच झोपवतात. चौकात उभं राहिलं की प्रत्येक मजल्यावर एकेक गाठोडं दिसतं. मला सुचलंच नव्हतं.

"बाल्कनी थंड आहे," मी म्हणालो.

"मेमध्ये?"

तेक्लाच्या सुरीचा आवाज थांबला.

"बाळाला लस टोचायची आहे," झोस्या म्हणाली. "मेपर्यंत नाहीच जमणार बहुतेक."

१४ एप्रिल

एक फांदी कापून दुकानातल्या पिशवीच्या मातीत लावली. काळी, भुसभुशीत, कसलाच वास नसलेली माती. बारा.

१८ एप्रिल

स्वप्नात वेर्बोव्का. मी पत्रं वाटतोय. दारं उघडी, आत कुणी नाही, टेबलांवर जेवण वाफाळतंय. प्रत्येक घरात मी पत्र ठेवतो आणि पुढे जातो. पिशवी रिकामी होत नाही. शेवटच्या घरी स्तेफा दारात, फीत सुटलेली. माझ्यासाठी आहे का काही, म्हणाली. पिशवीत हात घातला तर माती. तिने ओंजळ पुढे केली आणि मी — मी मूठ उघडेना!

जाग आली तेव्हा खरंच मूठ आवळलेली होती. नखं रुतली होती तळहातात.

२६ एप्रिल, रविवार

ईस्टर. आणि अणुभट्टी जळली तीही हीच तारीख. दोन्ही एकाच दिवशी! चर्चमध्ये लोकांना हसावं की रडावं कळेना. तेक्लाने कांद्याच्या सालांत रंगवलेलं अंडं दिलं. म्हणजे अबोला संपला.

"पाच तारखेला रादुनित्सा," ती म्हणाली. "बस ठरलीय. नाव घालू तुझं?"

रादुनित्सा म्हणजे आमचा पितरांचा दिवस. त्या एका दिवशी बंद केलेल्या भागाचे अडथळे उघडतात, आणि उठून गेलेल्या गावांच्या कबरस्तानात जाऊ देतात. मागच्या वर्षी गुडघ्यामुळे गेलो नव्हतो.

"घाल," मी म्हणालो. "दोन जागा धर. सामान आहे."

"कसलं सामान?"

"सामान."

"माझंही आहे," तेक्ला म्हणाली, आणि एकदम अंड्यांकडे वळली.

४ मे

पोस्टाची जुनी पिशवी काढली. पट्टा अजून मजबूत. कुंडी तिच्यात बरोबर बसली, जणू मापच घेतलं होतं. फुलं बाहेर डोकावतात.

तिला सगळं सांगितलं. नातीचं, अठ्ठावन्नचं, खोट्या यादीचं. म्हणालो, स्तेफा, तुला घरी पोचवतो. मी तुला माझ्यासाठी आणलं होतं, तुझ्यासाठी नाही. ती रागावली असेल का? जिवंतपणी रागावली की चुलीवरची झाकणं वाजवायची. जिरेनियम काही वाजवत नाही.

५ मे, मंगळवार

बसमध्येच लिहितोय, परतीच्या वाटेवर. अक्षर नाचतंय. पण लिहायलाच हवं.

अडथळ्यापाशी पोलीस चढला. तरुण, उन्हाने नाक सोललेलं. पिशवीत बघितलं. "आजोबा, इथून माती चोरून बाहेर नेणारे आम्ही धरतो. तुम्ही आत नेताय?"

"परत करायला."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. हसला नाही. "जा," म्हणाला. "आज तुम्ही नववे."

मला वाटलं, तो माणसं मोजतोय.

वेर्बोव्काच्या शाळेचं छप्पर आत पडलंय. मधून एक बर्चचं झाड वर आलंय, बरोबर मास्तरांचं टेबल होतं तिथून. माझं घर गवतात बुडालेलं, धुराडं तेवढं वर. बघितलं आणि पुढे गेलो. पोस्टमनने रिकाम्या घरापाशी थांबायचं नसतं.

कबरस्तानात मात्र गर्दी! गवत कापलेलं, क्रॉसना नवे भरतकामाचे रुमाल, कबरींवर चादरी पसरून अंडी, पाव, डुकराचं खारवलेलं मांस. दोन घोट माणसांना, एक घोट मातीला. कुणी हाक मारतं — "अरे यूझिक! अजून आहेस?" "आहे की! तू?" "डॉक्टरला विचारतो!" लहानपणीचे सगळे आवाज, म्हातारे झालेले.

आणि मग मला दिसलं.

कबरींच्या उशाशी मातीचे छोटे ढीग. ताजे. एक, दोन, पाच. एका ठिकाणी लोणच्याची रिकामी बरणी. एका ठिकाणी लहान मुलाचा पायमोजा, आतून काळा झालेला. कुणाची औषधाची बाटली. एक म्हातारा रुमालाची गाठ दातांनी सोडवत होता, आणि त्याच्या मुलाच्या खिशातून — माझ्या यंत्रासारखंच यंत्र डोकावत होतं.

सगळ्यांनी आणली होती! अख्ख्या गावाने! एकमेकांपासून लपवून, कोटात, स्तनांमध्ये, पावाच्या आत. आणि सहा वर्षांनी घरोघरी ती साबणाच्या डबीएवढी यंत्रं आली, आणि प्रत्येकाला आपापल्या घरातला सगळ्यात मोठा आकडा कुठे आहे ते कळलं. कपाटात, उशीखाली, खिडकीत.

तेक्ला तिच्या आईपाशी गुडघ्यावर बसली होती. हातात चहाचा डबा, हत्तीचं चित्र असलेला. तसबिरीमागचा, नक्की! मी बघतोय हे तिला कळलं.

"काय बघतोस? आईला चहा आणलाय."

"मी कुठे काय म्हटलं?"

"मग तोंड मिट. आणि इकडे ये, झाकण निघत नाहीये माझ्याने."

मी झाकण काढून दिलं. तिने डबा उलटा केला, बुडावर थोपटलं, दोनदा. मग डब्यात नाक खुपसून वास घेतला. "गेला," म्हणाली. "सहा वर्षं होता वास." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तेक्ला! जिच्या जिभेला अख्खा जिना घाबरतो.

स्तेफाच्या उशाशी खळगा केला. कुंडीतली सगळी माती ओतली, झाड त्यातच लावलं. हिवाळ्यात टिकणार नाही. ठाऊक आहे. उन्हाळाभर तरी लाल राहील. यंत्र खिशात होतं, बाहेर काढलं नाही. तिला मोजणारा मी कोण?

हात झाडले, आणि त्या क्षणी, काही न शोधता, काही न आठवता, दोन ओळी आल्या. मास्तरांची पेन्सिल आपटली आणि पुढच्या बाकावरची मान हलली —

उघड मूठ, सोड मला,
रुजायाला उशीर झाला.

परत येताना त्या पोलिसाने बूट मोजले. "तळवे धुवा," म्हणाला. मग हळूच, "झालं ना आजोबा काम?"

६ मे

तेक्लाकडून फोन केला. आज ती आपणहून जिन्यात जाऊन उभी राहिली.

"झोस्या, मी खोटं लिहिलं होतं. खिडकीपाशी बारा नव्हते. कुंडीपाशी अठ्ठावन्न होते. आईची कुंडी. तिच्यात कबरीची माती होती, तुला सांगितलं नव्हतं. तू पोटुशी असताना तिथे बसायचीस…" रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "काल परत नेऊन घातली. आता खरंच बारा आहेत. बाल्कनीतसुद्धा."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"ताता."

"हं."

"शनिवारी येतो आम्ही. चाक वादिमने बसवलंय."

रागावलीसुद्धा नाही. एका शब्दाने नाही.

९ मे, शनिवार

आले!

पाळणा खिडकीखाली. वर पिशवीच्या मातीतली फांदी, एक नवं पान. बाळाने माझं बोट धरलं आणि सोडेचना. काय ती मूठ! झोस्याने खिडकीच्या रिकाम्या कडेवरून हात फिरवला, कुंडीचा गोल डाग राहिलाय तिथे. पुसायला लागलो तर म्हणाली, "राहू द्या."

१० मे

बाळाला मास्तरांची कविता म्हणून दाखवली. सहाच्या सहा ओळी. पेन्सिल आपटून. हसली.

१४ मे, गुरुवार

झोस्या दवाखान्यात निघाली होती. "ताता, निळ्या फाइलमधलं बाळाचं लशीचं कार्ड द्या ना." कार्डात एक चिठ्ठी घडी घालून. पडली म्हणून उचलली. झोस्याचं अक्षर.

"९ फेब्रुवारी. ताता दुधाच्या रांगेत. दार १२. स्वयंपाकघर ११. खिडकी, आईची कुंडी — ६१."

खाली वादिमचं अक्षर: "ते यायच्या आत फेकून देऊ?"

त्याच्या खाली पुन्हा तिचं: "नाही. त्यांचं ते मोजतील."

होती तशी घडी घालून कार्डात ठेवली आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

माझं यंत्र तीनने कमी दाखवतं. स्वस्तातलं आहे.